बिनखुणेचा निरोप

बँकेतली मुलगी मला मोबाइलवरून व्यवहार कसा करायचा ते शिकवत होती. चांगली होती बिचारी, बालवाडीच्या बाईंसारखा एकेक शब्द सुटा करून सांगत होती. "आजी, हा पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही. समोरचा कितीही ओळखीचा वाटला, कितीही घाई करायला लागला, तरी नाही." मी नुसती मान हलवली. म्हातारीला कळलेलं दिसत नाही असं समजून तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला सगळं कळलं होतं. ती सांगत होती तो नियम मी चाळीसेक वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळ भाट्याच्या आमच्या घरात पाळला होता, आणि तिच्या बँकेपेक्षा कडक पाळला होता. पाळल्याने काय झालं ते बँकेच्या काउंटरवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहिते आहे.

आमचे हे बोटीवर होते. बोटीवर म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाच्या जहाजावर, इंजिनाच्या खोलीत. वर्षाचे दहा महिने समुद्रावर आणि उरलेले घरी. घरात मी, सासूबाई आणि कानाच्या दुखण्याने सदा किरकिरणारी आमची लहान मुलगी. ह्यांचं पत्र यायला कधी बारा दिवस लागत, कधी दीड महिना. फोन करायचा तर रत्नागिरीत पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावावा लागे. तार हा प्रकार आमच्याकडे कोणी सुखासुखी करत नसे, कारण तार आली म्हणजे कुणीतरी गेलं असं धरूनच चालत. तारवाला बांधावर दिसला की पाकीट फोडायच्या आधीच बायका रडायला लागत. त्यामुळे घाईचा निरोप असला की तो माणसाच्या हाती यायचा. बोटीवरचा कोणी सुट्टीवर गावी निघाला की त्याच्या हाती पिशवी आणि त्याच्याच तोंडी निरोप.

माझ्या सासूबाईंचं माहेर पालीजवळ. महिन्यातून एकदा तरी त्या एसटीने जाऊन येत. आमच्याकडे एसटीत शेजारी माणूस बसला की त्याला नाव विचारत नाहीत. "तुम्ही कोणाच्या?" असं विचारतात. मग गाव, मग वाडी, मग माहेर, मग आत्या दिली कुठे, असं करत करत कुठेतरी नातं लागतंच, आणि नाही लागलं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं. सासूबाई या कामात पटाईत होत्या. पालीला गाडीत बसल्या की हातखंबा येईपर्यंत शेजारणीला आमच्या घरातली भांडीसुद्धा तोंडपाठ झालेली असत. मी त्यांना हसत असे. त्यात काही वावगं आहे असं तोवर मलाही वाटलं नव्हतं.

ह्यांच्या बोटीवरचा म्हणवणारा तो माणूस आला तो एके दिवशी दुपारची जेवणं उरकल्यावर. पांढरा शर्ट, निळी बॅग, पायांत चकचकीत बूट. अंगणातूनच त्याने सासूबाईंना "आई" म्हटलं, पडवीत बसला, गूळपाणी घेतलं आणि मुलीकडे बघून म्हणाला, "हिचा कान बरा आहे का आता? तिकडे हिचा बाबा सारखा काळजी करत असतो." झालं, तिथेच आम्ही विरघळलो. ज्याला मुलीचा कान माहीत तो परका कसा असेल? त्याला सासूबाईंचे गुडघे माहीत होते, विहिरीचा कठडा ढासळला आहे ते माहीत होतं, कुळथाच्या पिठल्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही तेही माहीत होतं. मग त्याने आवाज खाली आणला. हे म्हणे शिडीवरून घसरले, पाय मोडला, मुंबईला इस्पितळात आहेत. ऑपरेशन झालं, पण औषधं बाहेरून आणायची आहेत आणि ती महाग आहेत. "वहिनी, तुम्ही पोरीला घेऊन कुठे धावता? चार दिवसांत मीच त्याला आणून सोडतो." मी आत गेले, हातातल्या चार सोन्याच्या बांगड्या उतरवल्या आणि रुमालात बांधून त्याला दिल्या. सासूबाईंनी वर आंब्याच्या लोणच्याची बरणी दिली. ती त्याने नको नको म्हणत घेतली. मला आजही बांगड्यांपेक्षा त्या लोणच्याचा राग जास्त येतो.

बारा दिवस आम्ही देव पाण्यात घालून बसलो. तेराव्या दिवशी जपानमधून ह्यांचं पत्र आलं. खुशाल आहे, थंडी फार आहे, लोकरीचे मोजे घेतले. पत्रावरची तारीख मी तीनदा वाचली. ज्या दिवशी हे मुंबईत ऑपरेशनच्या टेबलावर होते, त्या दिवशी ते जपानात मोजे घेत होते. मला आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की मी मोकळे हात घेऊन सरळ सासूबाईंच्या पुढे जाऊन उभी राहिले.

"आई, मागल्या खेपेला पालीहून येताना शेजारी कोण होतं?"

"बाई होती गो, नाणिजची. चांगली होती." मग त्या थांबल्या. "मागच्या सीटवर एक बसलेला. पेपर उघडलान तो शेवटपर्यंत पान काय उलटलान नाय."

त्या तिथेच जमिनीवर बसल्या. मी म्हणायला नको होतं ते म्हटलं. तुमच्या तोंडाने माझे हात मोकळे केले, असं म्हटलं. त्यानंतर त्या एसटीत गप्प बसू लागल्या. एकदा मी बरोबर होते, तेव्हा शेजारच्या बाईने विचारलं, "तुम्ही कोणाच्या?" तर म्हणाल्या, "कोणाची नाय बाय, अशीच." आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाईट वाटलं, पण तेव्हा मी ते बोलून दाखवलं नाही.

हे सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे गो. माणूस धड आहे ना? बांगड्या होतील." मला बांगड्या नको होत्या. मला कुलूप पाहिजे होतं. आम्ही दोघं विहिरीवर होतो, हे पाणी ओढत होते आणि मी धुणं पिळत होते. मी म्हटलं, "खूण ठरवा. यापुढे तुमच्याकडून कोणी आला तर त्याने ती खूण सांगायची. नाही सांगितली तर त्याला पडवीची पायरी चढू देणार नाही."

"बरं. हा विहिरीचा कठडा?"

"अख्ख्या एसटीला माहीत आहे."

"कुळथाचं पिठलं?"

"ते चोराला माहीत आहे."

"लग्नात अंतरपाट फाटला होता तो?"

"तो तर तुमच्या आईंनी सगळ्यात आधी सांगितला असेल."

हे हसले. मग त्यांनी घराकडे बघून घेतलं, आई जवळपास नाही याची खात्री केली आणि हळूच एक नाव उच्चारलं. दार लावलेलं असलं की हे मला ज्या नावाने हाक मारत, ते. ते नाव मी इथेही लिहिणार नाही. नवऱ्याने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची नाही आणि बायकोने तर नवऱ्याचं नाव तोंडातच आणायचं नाही, असे ते दिवस. त्यात हे असलं नाव. मी लाजले, पण लगेच कबूल झाले, कारण सासूबाईंना माहीत नाही अशी जगात ती एकच गोष्ट होती.

"आता ब्रह्मदेव आला तरी," मी म्हटलं.

"ब्रह्मदेव आला तरी," हे म्हणाले.

खूण एकदा चालली. चार-पाच महिन्यांनी ह्यांच्या बरोबरीचा एक तरुण खलाशी छत्री आणि दूध पावडरचा डबा घेऊन आला. मी दारातच विचारलं, "खूण?" त्याने चपलांकडे बघत ते नाव पुटपुटलं. त्याचे कान लाल झाले आणि माझेही झाले असणार. सासूबाई आतून ओरडल्या, "काय बोललान गो तो?" मी म्हटलं, काही नाही, पाणी मागतोय. तो गेल्यावर मला फार सुरक्षित वाटलं. आपण जगाला पुरून उरलो असं वाटत राहिलं.

मग तो शनिवार आला. आंब्याला मोहोर होता, मी अंगण सारवत होते. बेड्याशी, अंगणाच्या फाटकाशी, एक म्हातारा उभा राहिला. काटकुळा, डोक्याला मळकी टोपी, खांद्याला कापडी पिशवी. घामाने भिजलेला होता, पण आत यायची घाई नव्हती त्याला.

"बाय, हे घर अमक्याचं काय?" त्याने ह्यांचं नाव घेतलं. मी मान डोलावली, पण शेणाचे हात तसेच ठेवून मध्ये उभी राहिले.

तो म्हणाला, मी जयगडकडचा. ह्यांच्या बोटीवर सारंग होतो. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. मग पिशवी खाली न ठेवताच त्याने सांगून टाकलं. बोट मुंबईच्या जवळ आली असताना ह्यांचा उजवा हात यंत्रात सापडला होता. बोटीवरून उतरवून त्यांना इस्पितळात ठेवलं होतं. "दोन बोटं काढायला हवीत म्हणतो डॉक्टर. तर हा कबूल होत नाय. घरचं माणूस आल्याबिगर हात लावायचा नाय म्हणतो. तू चल. आजच्या गाडीने चल."

त्याच क्षणी मागल्या खेपेची निळी बॅग डोळ्यांसमोर आली. तेच ते, मुंबई, इस्पितळ, ऑपरेशन. तेव्हा पाय होता, आता हात.

"खूण काय सांगितली?" मी विचारलं.

"कसली खूण?"

"त्यांनी काहीतरी सांगायला सांगितलं असेल. माझ्यासाठी."

म्हातारा विचारात पडला. "मी त्याला विचारलंय, घरी काय सांगू? तर भिंतीकडे तोंड फिरवलान. बोलला, नुसतं चल म्हणा. तार करू नका, आई दगावेल, असं मात्र बोलला." त्याने पिशवीतून स्वतःची बोटीची कागदपत्रं काढून पुढे धरली. माझे हात शेणाने भरलेले, आणि नसते तरी मी ती घेतली नसती. कागद काय, कोणीही कुठेही छापतं.

तोवर सासूबाई बाहेर आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नुसत्या बघत होत्या. नंतर कितीतरी वर्षं मला वाटत आलं की त्यांना तेव्हाच कळलं होतं. तीस वर्षं एसटीत माणसं वाचलेली बाई ती. पण त्या मला एवढंच म्हणाल्या, "मी काय सांगू गो? माझं ऐकू नको. माझ्यामुळेच तर गेल्या टायमाला..." आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या.

मी म्हटलं, "काका, खूण नाही तर मी येणार नाही. तुम्ही जा."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो रागावला नाही. "मी तुला बापासारखा, चल, मी स्वतः सोडतो तुला," असं म्हणाला, तर मला उलट जास्तच भीती वाटली. अनोळखी पुरुषाबरोबर मुंबईला? मी बेडं ओढून घेतलं. त्याने पिशवीतून एक कागद काढला, त्यावर इस्पितळ आणि वॉर्ड लिहिलेला होता, तो गडग्यावर, अंगणाच्या दगडी कुंपणावर, ठेवून वर दगड ठेवला. "टाइम घालवू नको बाय," म्हणाला आणि रस्त्याला लागला. त्याला आम्ही पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

सारवणाचा उरलेला तुकडा मी पुरा केला. हात चालत होते म्हणून केला. संध्याकाळपर्यंत मला माझा अभिमान वाटत होता. अभिमान कसला, मीच स्वतःला तसं पुन्हा पुन्हा सांगत होते. रविवारी सकाळी भाकऱ्या थापताना एक गोष्ट मनात आली आणि हातातली भाकरी तव्याबाहेर पडली. त्या म्हाताऱ्याने काही मागितलं नव्हतं. बांगड्या नाहीत, पैसे नाहीत, लोणचं नाही. चोर येतो तो काहीतरी घ्यायला येतो. हा तर कागद देऊन गेला.

मग मीच त्यावर उत्तर काढलं. हाच तर कावा असेल. आधी विश्वास बसवायचा, एसटीत बसवायचं आणि मग मागायचं. त्यावर लगेच दुसरं मन म्हणालं, आणि खरं असेल तर? दिवसभर माझं असं चाललं होतं. मुलगी काहीतरी मागत होती, मी तिला उगाचच एक धपाटा दिला. गडग्यावरचा कागद मी चार वेळा जाऊन वाचला आणि चारही वेळा दगडाखाली ठेवला. घरात आणला असता तर मी त्यावर विश्वास ठेवला असं झालं असतं. सासूबाई दोन्ही वेळा जेवल्या नाहीत. माझ्याशी बोलत नव्हत्या असं नाही, पण 'चल' हा एक शब्द त्या तोंडातून काढत नव्हत्या, आणि मी त्याचीच वाट बघत होते. त्यांनी एकदा म्हटलं असतं तर मी निघाले असते. मीच त्यांचं तोंड बंद केलं होतं, ते आता कुठल्या तोंडाने उघडा म्हणणार?

बोटीच्या कंपनीचं मुंबईचं ऑफिस रविवारी बंद. सोमवारी सकाळी मी रत्नागिरीत पोस्टात जाऊन मुंबईचा ट्रंक कॉल लावला आणि बाकावर बसले. दहा वाजले, अकरा वाजले. लाइन मिळत नव्हती. पोस्टात माणसांची गर्दी, त्यातली निम्मी ओळखीची. दुपारी एकदाचा माझा नंबर पुकारला. पलीकडून एक माणूस फार लांबून बोलल्यासारखा बोलत होता.

"कोणाबद्दल विचारताय?"

मी म्हटलं, तुमच्या बोटीवर आमचे हे आहेत.

"हे कोण? नाव सांगा."

लग्नातला उखाणा सोडला तर ह्यांचं नाव मी कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. मी घेतलं. त्याला ऐकू आलं नाही. पुन्हा घेतलं. तो म्हणाला, "जोरात बोला." मग मी भरल्या पोस्टात, डोळे मिटून, आडनावासकट ओरडले. मागे बोलणारी माणसं गप्प झाली. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला आणि मग तो माणूस म्हणाला, "अहो बाई, तुमच्याकडे सारंग आला नाही का? शनिवारीच पोचायला हवा होता. तुम्ही अजून तिथे काय करताय?"

त्या दिवसाच्या गाडीत मला जागा मिळाली नाही. मंगळवारी पहाटेच्या गाडीने निघाले. मुलीला सासूबाईंकडे ठेवलं. त्यांनी माझ्या पिशवीत कुळथाचं पीठ बांधून दिलं आणि म्हणाल्या, "गाडीत गप्प बस, कोणाशी बोलू नको." मी हो म्हटलं. चिपळूण गेलं तेव्हा शेजारच्या बाईने माझ्याकडे बघून विचारलं, "कोणाची गो तू?" आणि मी सगळं सांगितलं. माहेर, सासर, कान, बांगड्या, शनिवार, सगळं. रडत सांगितलं. ती बाई परळला राहणारी, माझ्या ओळखीची ना पाळखीची. मुंबईत उतरल्यावर ती आपल्या घरी गेली नाही, आधी मला इस्पितळाच्या दारापर्यंत पोचवून मग गेली. तिचं नाव विचारायचंसुद्धा माझ्या ध्यानात राहिलं नाही.

भेटायची वेळ टळून गेली होती. वॉर्डच्या दाराशी पहारेकऱ्याने अडवलं. पेशंटची कोण, विचारलं. बायको, म्हटलं. कशावरून, म्हणाला, पास दाखवा. माझ्याकडे पास नव्हता, कागद नव्हता, काहीच नव्हतं. मी त्याच्याशी भांडायला लागले, आवाज चढला, आणि आतून ती मळकी टोपी आली.

म्हातारा शनिवारी घरी जयगडला पोचला होता. एक रात्र काढून रविवारी उलट पावली मुंबईला आला होता. बायको येत नाही तर पोराजवळ कोणीतरी हवं, म्हणून. वर्षातून एकदाच मिळणारी सुट्टी होती ती त्याची.

त्याने मला पाहिलं. एक शब्द लावून बोलला असता तरी मी ऐकून घेतला असता. तो पहारेकऱ्याला म्हणाला, "सोड रे तिला. त्याची घरवालीच ती. मी ओळखतो."

हे पडलेले होते. तोंडावर ताप चढलेला, डोळे खोल गेलेले. उजवा हात गुंडाळलेला, उशीवर ठेवलेला, आणि त्याला वास येत होता. मला पाहून ते हसले. डॉक्टर तरुण होता, दिवसभराच्या कामाने दमलेला. त्याने बाहेर बोलावून सांगितलं, शनिवारी-रविवारी झालं असतं तर दोन बोटांवर भागलं असतं. आता विष वर चढलंय. आता मनगटापासून, आणि तेही आजच.

मी परत खाटेशी आले. म्हातारा पायाशी उभा होता. मी ह्यांना विचारलं, "खूण का नाही सांगितलीत?"

ह्यांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हातारा समजून म्हणाला, चहा बघतो, आणि बाहेर गेला. तो दारापलीकडे गेल्यावर हे म्हणाले, "त्यांना कसं सांगणार गो? बापाच्या वयाचा माणूस. त्यांनी अंगणात उभं राहून, आईसमोर, तुला त्या नावाने... मला लाज वाटली. म्हटलं, त्यांच्या तोंडाकडे बघून तू येशील."

माझा संताप झाला. मी ह्यांचं नाव भरल्या पोस्टात ओरडून आले होते, आणि ह्यांना माझं एक नाव एका म्हाताऱ्याच्या कानात सांगता आलं नाही! हात गेला तरी चालेल, लाज जाता कामा नये! हे सगळं मला त्यांना तोंडावर सांगायचं होतं. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही त्या काकांना ते नाव सांगितलं नसतं, हे मला तिथे उभ्या उभ्या पक्कं माहीत होतं. आणि येणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं तर मी सोडूनच दिलं होतं.

नर्स फॉर्म घेऊन आली. ह्यांना सही करता येत नव्हती, म्हणून माझी घ्यायची होती. तिने बोट ठेवून दाखवलं, इथे नाव, इथे नातं, इथे सही. मनगटापासून, समजलं ना, असं तिने दोनदा विचारलं. मी नाव लिहिलं, नातं लिहिलं. खाली टेकायला पाटीबिटी काही नव्हतं, खाटेच्या कडेवर कागद सारखा सरकत होता. ह्यांनी डावा हात पुढे केला आणि माझी सही होईपर्यंत कागद दाबून धरला.